विहिरीतल्या माशांना ‘पळा’ असं कोण सांगतं?

प्रश्न : आमच्या शेतातल्या विहिरीत बोटाएवढे आणि त्याहून लहान मासे शेकड्यांनी आहेत. सकाळी काठावरून डोकावलं की वरच्या पाण्यात फिरणारा सगळा थवा क्षणात खाली जातो. एक आधी गेला, दुसरा मागून गेला, असं काही दिसतच नाही. पण ढगाची सावली पडली, वर घार फिरत राहिली, मोटार सुरू झाली, तर ते ढिम्म हलत नाहीत. चुलते म्हणतात, त्यांच्यात एक म्होरक्या असतो, तो इशारा देतो. आई म्हणते, त्यांना आपलं बोलणं ऐकू जातं. यातलं खरं काय? आणि एवढ्या माशांना एकाच वेळी कसं कळतं?
— एक वाचक, मैंदर्गी (ता. अक्कलकोट, जि. सोलापूर)

उत्तर : तुम्ही एक प्रश्न विचारला आहे, पण त्याच्या पोटात तीन आहेत. धोका जवळ येतोय हे एका माशाला कशावरून कळतं? ढग आणि घार यांना तो धोका का मानत नाही? आणि एकाला कळलेलं शेकडो माशांपर्यंत इतक्या झटकन कसं पोचतं? या तिन्हींकडे वळण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांची दोन मतं तपासून घेऊ.

आधी आईंचं मत. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा परत हवेतच फिरते. हजारातला जेमतेम एक भाग पाण्यात उतरतो. म्हणजे काठावर उभं राहून तुम्ही पिकाच्या भावावर कितीही तावातावाने बोललात, तरी माशांच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं येतं. मात्र काठावर पाय आपटला किंवा दगड सरकवला, तर तो हादरा जमिनीतून आणि विहिरीच्या बांधकामातून थेट पाण्यात जातो, आणि तो माशांना नक्की कळतो. म्हणजे आईंचं निरीक्षण चुकलेलं नाही, कारण तेवढं वेगळं आहे. माशांना तुमचं बोलणं नाही, तुमची पावलं जाणवत असतील.

मग मोटारीच्या घरघरीने ते का बिचकत नाहीत? कारण ती रोजची आहे आणि तिच्या मागोमाग काही वाईट घडत नाही. अशा गोष्टीकडे दुर्लक्ष करायला मासे शिकतात. माशाची आठवण तीन सेकंदांची असते, असं जे म्हणतात ते निव्वळ खोटं आहे. तसं असतं तर मासा कशालाच सरावला नसता आणि मोटार चालू असेपर्यंत दर तीन सेकंदांनी नव्याने दचकला असता.

आता चुलत्यांचं मत. अशा थव्याला कायमचा म्होरक्या नसतो. थवा वळला की मघाशी पुढे असलेला मासा कडेला पडतो आणि कडेचा पुढे येतो. हुकूम देणारा कोणी नसतो आणि हुकूम ऐकणाराही नसतो. ज्याला धोका आधी दिसतो, तो स्वतःपुरता पळतो. बाकीचे त्याला पाहून काय करतात, यात सगळी गंमत आहे. पण आधी तो पहिला मासा काय पाहतो ते समजून घेऊ.

पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचं सगळं दृश्य सुमारे ९७ अंशांच्या गोलात दाटून बसतं. त्या गोलाबाहेर माशाला पाण्याच्या पृष्ठभागावर खालचंच प्रतिबिंब दिसतं. विहिरीत तर खिडकीचा बराच भाग भिंतींनी व्यापलेला असतो आणि उजेड येतो तो विहिरीच्या तोंडाएवढ्या आकाशातून. तुम्ही काठापासून चार पावलं दूर असता, तेव्हा माशाच्या लेखी तुम्ही नसताच. काठावर येऊन वाकलात की त्या उजळ चकतीत एक काळा ठिपका शिरतो आणि वाढत जातो.

‘वाढत जातो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अंगावर येणारी वस्तू डोळ्यात कशी मोठी होत जाते, याचा हिशेब करून पाहू. समजा, २० सेंटीमीटर रुंदीची एक वस्तू सेकंदाला ५ मीटर वेगाने सरळ तुमच्याकडे येते आहे. पाण्यामुळे प्रकाश वाकतो ते तूर्त बाजूला ठेवू. ४ मीटर अंतरावर ती डोळ्यात सुमारे ३ अंशांची जागा घेते आणि २ मीटरवर ६ अंशांची. १ मीटरवर ती ११ अंशांची होते, अर्ध्या मीटरवर २३ अंशांची आणि पाव मीटरवर सुमारे ४४ अंशांची. ४ मीटरवरून २ मीटरवर यायला तिला ०.४ सेकंद लागतो आणि तेवढ्यात तिचा आकार जेमतेम ३ अंशांनी वाढतो. पण १ मीटरवरून पाव मीटरवर ती ०.१५ सेकंदात येते आणि तेवढ्यात ३० अंशांहून जास्त फुगते. येणारी वस्तू आधी बराच वेळ जवळजवळ तेवढीच दिसते आणि शेवटी एकदम अक्राळविक्राळ होते.

या वाढीत माशाच्या कामाची एक सोय दडलेली आहे. वस्तू डोळ्यात आत्ता केवढी आहे, या आकड्याला ती किती वेगाने वाढते आहे या आकड्याने भागलं, की टक्कर व्हायला किती वेळ उरला ते उत्तर मिळतं. मघाच्या उदाहरणात १ मीटरवर असताना हा भागाकार ०.२ सेकंद येतो, आणि खरा उरलेला वेळही तेवढाच असतो. त्यासाठी वस्तूचा खरा आकार, तिचं अंतर, तिचं नाव, काहीच माहीत असावं लागत नाही. तो खंड्या आहे, बगळा आहे की तुमचं डोकं, हे मासा ओळखत बसत नाही. डोळ्यातला डाग कसा वाढतोय, एवढंच त्याला पुरतं. अर्थात मासा बसून भागाकार करत नाही. त्याच्या डोळ्यांची आणि मेंदूची जोडणीच अशी आहे की ठरावीक वाढ ओलांडली गेली की पळ काढला जातो.

कॅनडातले संशोधक लॉरेन्स डिल यांनी १९७४ साली झेब्राफिश या छोट्या पट्टेरी माशावरचे असे प्रयोग प्रसिद्ध केले. अंगावर येणारा शिकारी डोळ्यात वाढण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की मासा पळतो, असं त्यांना दिसलं. याचा अर्थ असा की वस्तू मोठी किंवा वेगवान असेल तर ती मर्यादा लांबवरच गाठली जाते आणि मासा लवकर पळतो. तीच वस्तू सावकाश आली तर तो तिला बरीच जवळ येऊ देतो. झेब्राफिश मूळचा भारतीय उपखंडातला आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो वापरतात. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर वेगवेगळ्या विषयांचं संशोधन झालं आहे.

अंड्यातून बाहेर येऊन काहीच दिवस झालेलं झेब्राफिशचं पिल्लूसुद्धा पडद्यावर वाढत जाणारी काळी चकती पाहून पळतं. त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. चकती वाढण्याऐवजी आकसत गेली, किंवा चकती न दाखवता सगळा पडदाच अंधुक केला, तर पळणं फारच कमी होतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ढग आला की सगळं पाणी एकसारखं अंधारतं, वाढत जाणारी काळी कड कुठेच नसते. उंचावर घिरट्या घालणारी घार दिसली तरी तिचा आकार तेवढाच राहतो. मासे सावलीला भितात हा समज म्हणूनच अर्धवट आहे. सावली अंगावर चालून यावी लागते.

पळण्याची यंत्रणाही पाहण्यासारखी आहे. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात दोन मोठ्या चेतापेशी असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. ऑस्ट्रियाचे वैद्यक लुडविग माउथनर यांनी १८५९ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माउथनर पेशी म्हणतात. डोळ्यांकडून आलेला धोक्याचा संकेत यातल्या एकीपर्यंत पोचला की ती शरीराच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूंना एकच आदेश देते. मासा इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वाकतो आणि पुढच्याच शेपटीच्या फटक्याने दूर फेकला जातो. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतं. वस्तू हळूहळू वाढत असेल तर मात्र मासा बऱ्याचदा हा जोरकस झटका वापरत नाही, शांतपणे वळून निघून जातो. प्रत्येक पळण्यात खाण्याचा वेळ आणि ताकद दोन्ही वाया जातात. ऊठसूट पळणारा मासा उपाशी राहील.

आता तिसरा आणि मुख्य प्रश्न. सगळे एकाच वेळी पळाले, असं तुम्हाला दिसलं. प्रत्यक्षात ते एकाच वेळी पळत नाहीत. सेकंदाच्या छोट्या अंशात एकापाठोपाठ घडलेल्या हालचाली आपल्या डोळ्यांना वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून त्या एकत्र वाटतात. वेगवान कॅमेऱ्याने टिपून मग सावकाश पाहिलं तर क्रम स्पष्ट दिसतो. एक-दोन मासे आधी झटका घेतात, मग त्यांच्या शेजारचे, मग त्यांच्याही शेजारचे. बातमीची ही लाट माशांच्या स्वतःच्या पोहण्यापेक्षा वेगाने थव्यातून पुढे सरकते, कारण कोणत्याच माशाला थवाभर पोहत जावं लागत नाही. प्रत्येकाने आपल्या जागी वळायचं एवढंच.

पण एक दचकला की सगळे दचकले, असं असतं तर थव्याला दिवसभर उसंत मिळाली नसती. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये गोल्डन शायनर नावाच्या माशांचं असं चित्रण अभ्यासलं. कोणता मासा कोणाला पाहू शकतो, हे त्यांनी प्रत्येक माशाच्या डोळ्यांपासून रेषा काढून ठरवलं. कारण नसताना दचकलेल्या माशाची लागण बहुतेक वेळा एक-दोघांपुरतीच राहते, असं दिसलं. मासा ‘कोणीतरी पळालं’ एवढ्यावर पळत नाही. आपल्याला दिसणाऱ्या शेजाऱ्यांपैकी किती हिस्सा पळाला, यावर त्याचं पळणं ठरतं. लग्नाच्या पंगतीत एक पाहुणा मध्येच उठला तर कोणी हलत नाही, पण आजूबाजूचे चार-पाच उठले की आपणही ताटावरून उठतो, तसंच हे. याच कारणाने थव्याच्या कडेचे मासे जास्त महत्त्वाचे ठरतात. त्यांना मोजकेच शेजारी दिसतात, त्यामुळे त्यांच्यावर एकेकाचा प्रभाव मोठा पडतो आणि त्यांनी सुरू केलेली लाट पसरण्याची शक्यताही जास्त असते.

मग खरा धोका वावरत असताना थवा जास्त सावध कसा होतो? आपल्याला वाटेल, प्रत्येक मासा जास्त भित्रा होत असेल. इथे वासाची एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवलं की जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्याने त्याचे जातभाई घाबरतात. आपले रोहू, कटला आणि मृगळ ज्या मोठ्या गटात येतात, त्या गटात हा गुण आढळतो. गोल्डन शायनरही त्याच गटातला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांच्या थव्याला हे द्रव्य दिलं, तेव्हा दचकण्याच्या लाटा मोठ्या होऊ लागल्या. पण एकेका माशाची बिचकण्याची वृत्ती वाढली नव्हती. मासे एकमेकांच्या जवळ सरकले होते. जवळ आलेला शेजारी डोळ्यात जास्त जागा व्यापतो, म्हणून त्याची हालचाल लगेच लक्षात येते आणि बातमी दूरवर जाते. थव्याची सावधगिरी माशांच्या डोक्यात असते त्याहून जास्त त्यांच्यामधल्या अंतरात असते. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं सार एका वाक्यात हवं असेल तर ते हेच.

नजरेच्या जोडीला मदतनीसही असतो. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत पाण्याची हालचाल टिपणारी पार्श्वरेषा असते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्रिटनमधल्या संशोधकांनी सेथ या समुद्री माशाचे डोळे तात्पुरते झाकले, तरी तो थव्यासोबत पोहू शकला. डोळ्यांबरोबर पार्श्वरेषाही निकामी केली तेव्हा मात्र त्याला ते जमेना. शेजारी वळला की त्याने ढकललेलं पाणीही बातमी देतं. पण वरून येणारा पक्षी पाण्याला स्पर्श करेपर्यंत पार्श्वरेषेला काहीच कळत नाही. तिथे डोळ्यांना पर्याय नाही.

शिकाऱ्यापासून पळतानाही थवा नुसता उधळत नाही. शिकारी मासा मागून आला तर थवा पुढे दोन भागांत फाटतो, दोन्ही बाजूंनी वळसा घेतो आणि शिकाऱ्याच्या पाठीमागे पुन्हा एकत्र येतो. शिकारी अगदी जवळून तुटून पडला तर मासे चहूबाजूंना फाकतात. मेक्सिकोतल्या गंधकयुक्त झऱ्यांमध्ये राहणारा मोली मासा तर याहून पुढे गेला आहे. पक्ष्याने झडप घातली की हजारो मोली एकापाठोपाठ बुडी मारतात आणि पाण्यावर लाट उमटते. ती एकदाच उमटून थांबत नाही, कधीकधी दोन मिनिटांपर्यंत पुन्हा पुन्हा उमटत राहते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा लाटांमुळे पक्षी पुढची झडप लांबवतात आणि त्यांच्या हाती मासा लागण्याची शक्यताही कमी होते.

या सगळ्यात मासे एकमेकांना वाचवतात, असं मात्र समजू नका. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७१ मध्ये मांडलं की कळपातला प्रत्येक प्राणी दुसऱ्याला स्वतःच्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये ठेवायला पाहतो. घोळका त्यातूनच घट्ट होतो. हेतू स्वार्थाचा असला तरी फायदा बहुतेकांना मिळतो. अनेक डोळे असल्याने धोका लवकर दिसतो, आणि एकसारख्या चकाकत्या अंगांच्या गर्दीत शिकाऱ्याला एकावर नेम धरता येत नाही. १९७४ मधल्या एका प्रयोगात माकूल, कटलफिश आणि दोन शिकारी माशांसमोर कधी एकटा, कधी ६ आणि कधी २० माशांचा गट सोडला. गट जितका मोठा, तितके हल्ले जास्त फसले.

तुमच्या विहिरीतल्या माशांमध्ये आरोग्य खात्याने डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी असण्याची बरीच शक्यता आहे. गप्पी त्या मेक्सिकन मोलीचा जवळचा नातेवाईक. त्याचं मूळ घर त्रिनिदाद बेट आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा. त्रिनिदादच्या ओढ्यांमध्ये धबधब्याच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, तिथले गप्पी घट्ट घोळका करून राहतात. धबधब्याच्या वर मोठे शिकारी पोचत नाहीत, तिथले गप्पी बरेच सुटे सुटे फिरतात. म्हणजे वाढत्या डागाला घाबरणं उपजत असलं, तरी घोळका किती घट्ट ठेवायचा हे शत्रूंवर ठरतं. तुमच्या विहिरीवर खंड्या येऊन बसत असेल किंवा पाण्यात दिवड असेल, तर तुमचे मासे विनाकारण भित्रे नाहीत.

लाखो वर्षांची ही युक्ती एका ठिकाणी मात्र उलटते, ती जाळ्यापुढे. एका भक्ष्यावर नेम धरणाऱ्या शिकाऱ्याला गोंधळवण्यासाठी एकत्र दाटणं उत्तम. जाळं नेम धरत नाही, ते घेरतं. कोकण किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा घाबरलेले मासे आणखी दाटतात आणि ओढणाऱ्यांचं काम सोपं होतं. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात, म्हणून पर्ससीन जाळ्यात अख्खा थवा एका फेऱ्यात सापडू शकतो. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, त्यामागच्या वादात ही गोष्टही होती.

खात्री करून घ्यायची असेल तर विहिरीवरच घ्या, मात्र कठडा भक्कम असेल तरच आणि सोबत कोणीतरी ठेवून. एकदा काठाशी झटकन जाऊन डोकवा. थोड्या वेळाने मासे वर आले की त्याच जागी अगदी सावकाश, पाय न आपटता या. दुसऱ्या खेपेला ते बरेच उशिरा पळतील किंवा नुसतेच बाजूला सरकतील. मग काठावर स्थिर उभे राहून मोठ्याने बोला, आणि त्यानंतर न बोलता हात झपकन पुढे करा. बोलण्याचा परिणाम होतो की हाताचा, ते आईंना आणि चुलत्यांना दाखवता येईल. फक्त हा खेळ रोज करू नका. वरून येणाऱ्या काळ्या डागाने काही बिघडत नाही, हा धडा मासे तुमच्याकडून शिकले, तर त्याचा फायदा खंड्याला होईल.